वाचनालयाच्या मेल सर्व्हरवरची व्हाईटलिस्ट: एकतीस ओळींच्या चार कशा झाल्या

फोंड्यातलं आमचं वाचनालय जुनं आहे आणि त्याला एक नाट्यमंडळ जोडलेलं आहे. दोघांचा मिळून एकच मेल सर्व्हर, तो मी सांभाळतो. पगार नाही, शिव्या मात्र वेळेवर मिळतात. नोकरी पणजीला असल्यामुळे हे काम रात्री नाहीतर शनिवार-रविवारी होतं. व्हाईटलिस्ट म्हणजे ज्यांची मेल झडती न घेता आत सोडायची त्यांची यादी. कुणी असंच काही करायला घेतलं तर माझ्या चुका त्याच्या उपयोगी पडाव्यात, म्हणून या नोंदी.

यंत्र म्हणजे भाड्याचा व्हीपीएस (कंपनीच्या मोठ्या सर्व्हरचा भाड्याने घेतलेला तुकडा): २ जीबी रॅम, महिना ६५० रुपये. त्यावर डेबियन १२, मेल घेणारा-पाठवणारा पोस्टफिक्स ३.७, मेलबॉक्स सांभाळणारा डव्हकॉट, ग्रेलिस्टिंगसाठी (अनोळखी पाठवणाऱ्याला आधी थोडं थांबवायला) पोस्टग्रे, एसपीएफ (एखाद्या डोमेनच्या नावाने कोणत्या आयपीवरून मेल यावी, ते सांगणारा रेकॉर्ड) तपासणारा पायथनचा पॉलिसी डीमन आणि स्पॅम ओळखणारा स्पॅमअसॅसिन. मेलबॉक्स १९. पोस्टफिक्सची मेन.सीएफ ही सेटिंग्जची फाईल मात्र २०१२ सालची. जुन्या यंत्रावरून उचलली आणि इथे आणून ठेवली. चालतंय ना, मग कशाला हात लावा, असा माझा तेव्हाचा विचार.

सेटिंग्जची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय. फाईलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत, अंडरस्कोअरसकट टाकायची.

७ जून २०२५, शनिवार

खजिनदारांचा सकाळीच फोन. स्मरणिकेचं प्रूफ म्हापशाच्या प्रेसवाल्याने दोनदा पाठवलं, दोन्ही वेळा परत गेलं. सावंतवाडीच्या दिग्दर्शकांची संहिता आठवड्यात तीनदा परत. अकाउंटंटची बिलं तर कधी येतात, कधी येत नाहीत. "ते व्हाईटलिस्ट का काय असतं, ते कर मरे एकदा. लोकांना जीमेलवर पाठवा म्हणून सांगायचं, बरं दिसत नाही."

लॉग बघायला गेलो तर /व्हार/लॉग/ मध्ये मेल.लॉगच नाही. डेबियन १२ मध्ये लॉगच्या फायली लिहिणारा आरसिसलॉग आपोआप बसत नाही, सगळं सिस्टमच्या जर्नलमध्ये जातं. जर्नलकंट्रोलला 'पोस्टफिक्स' हे युनिट विचारलं तर सुरू झालं, बंद झालं एवढ्याच ओळी. खऱ्या नोंदी 'पोस्टफिक्स@-' या युनिटखाली असतात. हे कळेपर्यंत एक तास गेला. शेवटी आरसिसलॉग बसवून टाकला, जुनी सवय सुटत नाही.

लॉगमध्ये "ब्लॉक्ड यूझिंग झेन.स्पॅमहाऊस" दिसलं. म्हणजे डीएनएस ब्लॉकलिस्टमुळे (स्पॅमवाल्या आयपींची सार्वजनिक काळी यादी) मेल अडतेय. ओळीचा पुढचा भाग वाचला नाही. (तो वाचला असता तर या नोंदी इथेच संपल्या असत्या. ५ जुलै बघा.)

'सेंडर_ॲक्सेस' नावाची फाईल केली, तिघांचे पत्ते लिहिले, प्रत्येकासमोर ओके. पोस्टमॅप चालवून तिचा डेटाबेस बनवला. मेन.सीएफमध्ये एसएमटीपीडी_सेंडर_रिस्ट्रिक्शन्सखाली चेक_सेंडर_ॲक्सेस जोडलं, रीलोड केलं आणि प्रेसवाल्याला पुन्हा पाठवायला सांगितलं. परत गेलं.

पत्त्यात चूक असेल म्हणून पोस्टमॅप -क्यू ने विचारून पाहिलं. पत्ता दिला तर ओके येत होतं. मग पत्त्याऐवजी अख्खं डोमेन लिहिलं आणि पुन्हा पत्ताच विचारला, तर काहीच उत्तर नाही. त्यात अर्धा तास. पोस्टमॅप -क्यू जे विचारलं तेवढंच शोधतो. पत्ता सापडला नाही तर डोमेन बघायचं, हे काम एसएमटीपीडी, म्हणजे पोस्टफिक्सचा येणारी मेल घेणारा भाग, करतो. तेव्हा डोमेनची ओळ तपासायची असेल तर डोमेनच विचारायचं.

खरं कारण रात्री साडेअकराला कळलं. पोस्टफिक्समध्ये क्लायंट, हेलो, सेंडर, रिले, रेसिपियंट अशा नियमांच्या याद्या वेगवेगळ्या आहेत. एका यादीतलं ओके फक्त त्याच यादीचं दार उघडतं, पुढच्या याद्या आपापली तपासणी करतातच. माझी ब्लॉकलिस्ट रेसिपियंटच्या यादीत होती आणि ओके सेंडरच्या. त्यात एसएमटीपीडी_डिले_रिजेक्ट मुळात 'येस' असल्यामुळे सगळे नकार आरसीपीटीच्या, म्हणजे घेणाऱ्याचा पत्ता सांगण्याच्या, टप्प्यावरच दिले जातात. लॉगवरून कोणत्या यादीने मारलं ते कळत नाही.

आजचा हिशेब: चार तास, निष्पत्ती शून्य.

८ जून, रविवार

चेक_सेंडर_ॲक्सेस उचलून रेसिपियंटच्या यादीत अगदी वर ठेवलं. प्रूफ आलं. संहिता आली. अध्यक्षांनी ग्रुपवर टाळ्या टाकल्या. त्या वाचून इतर सहाजणांनी आपापल्या ओळखीच्यांचे पत्ते पाठवले. सगळे घातले.

९ जून, रात्र

ऑफिसात दिवसभर डोक्यात एकच: 'अगदी वर' म्हणजे नक्की कशाच्या वर?

बाहेरून तपासायचं ठरवलं. घरच्या ब्रॉडबँडवरून पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) बाहेर जात नाही, म्हणून दुसऱ्या कंपनीकडे तासाच्या हिशेबाने एक यंत्र घेतलं. ४० रुपयांत काम झालं. स्वॅक्सने (मेल सर्व्हर तपासायची कमांड) मेल सोडली. पाठवणारा म्हणून प्रेसवाल्याचा पत्ता, घेणारा माझा जीमेल. म्हणजे आमच्याशी काडीचा संबंध नसलेल्या यंत्रावरून, आमच्या सर्व्हरमधून, तिसऱ्याच ठिकाणी. लॉगिन नाही.

उत्तर आलं २५०. ओके.

घाम फुटला. प्रेसवाल्याचा पत्ता माहीत असलेल्या कुणालाही जगभर स्पॅम पाठवायला माझा सर्व्हर मोकळा होता. सुमारे तीस तास.

असं झालं ते असं. पोस्टफिक्स २.१० पासून रिलेसाठी (बाहेरची मेल तिसऱ्याच ठिकाणी पोचवण्यासाठी) एसएमटीपीडी_रिले_रिस्ट्रिक्शन्स ही वेगळी यादी आली. रेसिपियंटच्या यादीत तुम्ही काहीही गोंधळ घाला, रिलेचं दार ही यादी स्वतंत्रपणे राखते. पण माझी फाईल त्याच्या आधीची. तिच्यात ही यादी नाही, कोणत्या काळातल्या मूळ सेटिंग्ज धरायच्या ते सांगणारी कम्पॅटिबिलिटी_लेव्हलही नाही. लेव्हल लिहिली नसेल तर पोस्टफिक्स समजतो की हा जुना गडी आहे, आणि रिलेची यादी रिकामी धरतो. रिले अडवणारं रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन माझ्याकडे फक्त रेसिपियंटच्या यादीत होतं आणि मी ओके त्याच्या डोक्यावर नेऊन ठेवलं होतं.

पोस्टफिक्स बिचारा दर रीलोडला सांगत होता की मी जुन्या पद्धतीच्या सेटिंग्जवर चालतोय. कित्येक वर्षं ती ओळ मी घराच्या भिंतीवरच्या पालीसारखी बघून सोडून देत होतो. आजच्या चाचणीच्या वेळी तर त्याने स्वच्छ लिहिलं होतं की हा रेसिपियंट नाकारला जाऊ नये म्हणून रिलेची यादी रिकामी धरली आहे.

तीस तासांचा लॉग चाळला. बाहेर गेलेल्या प्रत्येक मेलची ओळ बघितली, सगळ्या आमच्याच. नशीब, दुसरं काही नाही.

दुरुस्ती: रिलेची यादी हाताने लिहिली. परमिट_मायनेटवर्क्स, परमिट_सॅसल_ऑथेंटिकेटेड, रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन; म्हणजे आपली यंत्रं आणि लॉगिन केलेले आत, बाकी कुणाची तिसरीकडे जाणारी मेल बाहेर. रेसिपियंटच्या यादीतही हेच तीन आधी, मग व्हाईटलिस्ट, मग ब्लॉकलिस्ट, एसपीएफ, पोस्टग्रे. कम्पॅटिबिलिटी_लेव्हल एकदम वर नेली नाही, कारण त्याने इतर अनेक मूळ सेटिंग्ज बदलतात आणि रात्रीचा एक वाजला होता. त्यातली एक मात्र जुनी फाईल बाळगणाऱ्यांनी आजच बघावी. लेव्हल नसेल आणि मायनेटवर्क्सही लिहिलेलं नसेल, तर पोस्टफिक्स अख्ख्या सबनेटला आपलं मानतो. व्हीपीएसवर सबनेट म्हणजे शेजारच्या अनोळखी भाडेकरूंची यंत्रं. माझ्या फाईलमध्ये मायनेटवर्क्स स्पष्ट लिहिलेलं होतं. ते २०१२ मध्ये कोणत्या सद्बुद्धीने लिहिलं, आठवत नाही.

स्वॅक्सची तीच चाचणी पुन्हा: ५५४, रिले ॲक्सेस डिनाइड. झोपलो तेव्हा पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजायला थोडाच वेळ होता.

१४ जून, शनिवार

यादी ३१ ओळींवर गेली. एक नवी ओळ घातली आणि चालेना. पोस्टमॅप विसरलो होतो. डेटाबेस मूळ फाईलपेक्षा जुना आहे अशी तक्रार लॉगमध्ये होती. पोस्टमॅप चालवल्यावर रीलोडची गरज पडत नाही, एसएमटीपीडीला बदल आपोआप कळतो.

अकाउंटंटचा पत्ता पहिल्या दिवसापासून यादीत आहे आणि तरी त्यांची बिलं अडतात. आज कारण सापडलं. बिलं त्यांच्या सॉफ्टवेअरमधून एका घाऊक मेल सेवेमार्फत निघतात. आपल्याला मेल उघडल्यावर दिसतो तो आतल्या पत्राच्या डोक्यावरचा पत्ता. चेक_सेंडर_ॲक्सेस बघतो पाकिटावरचा, म्हणजे मेल फ्रॉमच्या वेळी सांगितलेला. बिलांच्या पाकिटावर 'बाउन्स+' आणि पुढे लांबलचक आकडा, तोही दर वेळी वेगळा. तेव्हा पत्ता कुणाला फोनवर विचारायचा नाही. लॉगमध्ये 'फ्रॉम=' पुढे जो असेल तो घ्यायचा.

त्या घाऊक सेवेचं डोमेन यादीत घालायचा मोह झाला. नाही घातलं. त्या सेवेचे गिऱ्हाईक हजारो, त्या सगळ्यांना एका ओळीने आत घेण्यासारखं ते झालं असतं. बिलं तूर्त व्हॉट्सॲपवर.

२१ जून, शनिवार

दुपारी खजिनदारांना अध्यक्षांच्या पत्त्यावरून मेल. मंडपवाल्याला ४८,००० रुपये आगाऊ पाठवा, तातडीचं आहे, मी बैठकीत असल्याने फोन करू नका. खजिनदारांनी लगेच फोन केला. पैसे गेले नाहीत. त्यांना संशय का आला, विचारलं. म्हणाले, "आमचे अध्यक्ष मराठीत लिहितात रे. आणि काइंडली हा शब्द त्यांनी जन्मात कधी वापरला नाही."

आमच्या डोमेनचा एसपीएफ रेकॉर्ड कडक आहे, शेवटी उणे ऑल. आमच्या नावाने परक्या आयपीवरून आलेली मेल पॉलिसी डीमनने दारातच हाणायला हवी होती. तिथपर्यंत ती गेलीच नाही. ३१ ओळींमध्ये एक ओळ आमच्याच डोमेनची होती. वेबसाईटच्या फॉर्मची मेल पोस्टग्रेमध्ये अडकत होती म्हणून मीच घातली होती. आपलंच डोमेन, आपलीच माणसं, त्यात काय धोका?

पाकिटावरचा पत्ता कुणीही काहीही लिहू शकतो. पोस्टातही मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचं नाव कुणी तपासत नाही. मी तर पहारेकऱ्याला सांगून ठेवलं होतं की पाकिटावर अध्यक्षांचं नाव दिसलं की झडती घेऊ नकोस.

केलेले बदल:

आमच्या डोमेनची ओळ काढली.

एसपीएफची तपासणी व्हाईटलिस्टच्या वर नेली. रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशनच्या खालीच ठेवली, पॉलिसी डीमनची जागा त्याच्या नंतरच असते.

एसएमटीपीडी_सेंडर_लॉगिन_मॅप्स लिहिलं: कोणता पत्ता कोणत्या लॉगिनचा. आणि सेंडरच्या यादीत परमिट_मायनेटवर्क्सनंतर रिजेक्ट_सेंडर_लॉगिन_मिसमॅच. आता आमचा पत्ता लावून पाठवायचं तर त्याच मालकाचं लॉगिन लागेल. लॉगिन न केलेल्यांनाही हा नियम लागतो. परमिट_मायनेटवर्क्स आधी ठेवलं ते सर्व्हरवरच्या स्क्रिप्टसाठी.

२४ जून, मंगळवार, सांजांव

सांजांव म्हणजे सेंट जॉनचा सण. लोक डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून विहिरीत उड्या मारत होते आणि मी लॉगमध्ये बुडालो होतो.

शनिवारपासून नवीन सभासदाचा एकही अर्ज आला नाही, असं ग्रंथपालबाईंनी सकाळी सांगितलं. वेबसाईट दुसऱ्या कंपनीच्या होस्टिंगवर आहे. तिचा फॉर्म कार्यालयाचा पत्ता लावून लॉगिनशिवाय मेल पाठवायचा. माझ्या नव्या नियमाने ती मेल तीन दिवस नाकारली, आणि ते बरोबरच केलं. चूक माझी, की आमच्या नावाने बाहेरून कोण कोण मेल पाठवतं याची यादी आधी केली नाही. अर्ज वेबसाईटच्या डेटाबेसमध्ये राहतात, म्हणून सातही परत मिळाले. फॉर्मसाठी वेगळा मेलबॉक्स उघडला आणि त्याला पोर्ट ५८७ वरून लॉगिन करून पाठवायला लावलं.

हे टाळायचा सोपा उपाय होता. नव्या नियमाआधी वॉर्न_इफ_रिजेक्ट लिहायचं. पोस्टफिक्स मेल नाकारत नाही, नाकारली असती एवढं लॉगमध्ये लिहितो. आठवडाभर तसं ठेवायचं, लॉग बघायचा, मग खरा नियम लावायचा. यापुढे असंच.

५ जुलै, शनिवार

यादीवर कात्री चालवायला बसलो. उरलेल्या तीस ओळींपैकी प्रत्येकाची मेल मुळात कशामुळे अडली होती, ते जर्नलमधून शोधून वहीत लिहिलं. कंटाळवाणं काम. पण सगळ्यात जास्त कामाचं तेच ठरलं.

तीसपैकी एकोणीस जणांच्या नकाराची ओळ सारखी. ब्लॉक्ड यूझिंग झेन.स्पॅमहाऊस, आणि अर्धविरामानंतर: एरर, ओपन रिझॉल्व्हर.

त्या एकोणीस जणांत कुणीही काळ्या यादीत नव्हतं. खोट माझ्या सर्व्हरची.

स्पॅमहाऊसची फुकट सेवा सार्वजनिक डीएनएस रिझॉल्व्हरमार्फत (नावांचे पत्ते शोधून देणारा, सगळ्यांना खुला सर्व्हर) विचारलेल्या प्रश्नांना खरं उत्तर देत नाही. १२७.२५५.२५५.२५४ असा खुणेचा आकडा परत देते, म्हणजे तुम्ही चुकीच्या दारातून विचारताय. पोस्टफिक्सला नुसतं रिजेक्ट_आरबीएल_क्लायंट आणि यादीचं नाव दिलं, तर कोणतंही उत्तर आलं की तो माणूस यादीत आहे असं तो धरतो. चुकीच्या दाराची पाटी त्याने गुन्ह्याचा पुरावा म्हणून वाचली. माझ्या रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये रिझॉल्व्हरचे दोन पत्ते होते: पहिला व्हीपीएसवाल्याचा, दुसरा ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सार्वजनिक. पहिला वेळेत बोलला नाही की प्रश्न दुसऱ्याकडे जायचा आणि त्या क्षणी येणारी मेल मरायची. म्हणून 'कधी येतात, कधी येत नाहीत'.

म्हणजे महिनाभर मी छप्पर गळतंय म्हणून एकेका माणसाला छत्री वाटत होतो.

दुरुस्तीला सुरुवात केली दुपारी तीनला. यादीच्या नावापुढे =१२७.०.०.[२..११] जोडलं, म्हणजे तेवढीच उत्तरं नकार म्हणून धरायची. मग सर्व्हरवरच अनबाउंड हा रिझॉल्व्हर बसवला. तो प्रश्न स्वतः थेट विचारतो, मध्ये कुणी सार्वजनिक रिझॉल्व्हर नाही. रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये १२७.०.०.१ लिहिलं. डिग कमांडने विचारलं, उत्तर बरोबर. पण अनबाउंडच्या लॉगमध्ये पोस्टफिक्सचे प्रश्न दिसेनात. दीड तास डोकं खाजवलं. डेबियनवर एसएमटीपीडी क्रूट पिंजऱ्यात (बाकी यंत्रापासून तोडलेल्या फोल्डरमध्ये) चालतो आणि त्याची रिझॉल्व्ह.कॉन्फची प्रत वेगळी, /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/ईटीसी/ मध्ये. मी रीलोड करत होतो. पोस्टफिक्स पूर्ण रीस्टार्ट केल्यावर नवी प्रत आत गेली.

त्यात वर वीज गेली आणि राउटर बंद पडला. अर्धा तास मेणबत्तीत बसलो. जुलैतला फोंडा. सर्व्हर इथे घरात न ठेवता भाड्याने घेतला, तो निर्णय तेवढा बरोबर होता.

रात्री यंत्र एकदा बूट करून बघितलं तर रिझॉल्व्ह.कॉन्फ पुन्हा पहिल्यासारखी. नेटवर्कच्या सेटिंग्ज आपोआप घेणारा डीएचसीपी क्लायंट आपली फाईल लिहून गेला होता. त्याच्या कॉन्फिगमध्ये 'सुपरसीड' वापरून डोमेन नेम सर्व्हर कायमचा १२७.०.०.१ केला.

६ जुलै, आषाढी एकादशी

एकोणीस ओळी काढल्या. देवळातलं भजन ऐकत दिवसभर लॉगवर नजर ठेवून होतो. एकही योग्य मेल अडली नाही. अकाउंटंटची बिलंही आली. त्यांच्या बाबतीतही हेच होतं.

सावंतवाडीच्या दिग्दर्शकांना फोन करून कबुली दिली. ते दोन आठवडे आपल्या मेल कंपनीशी भांडत होते. "अहो, मी त्या पोराला फोनवर नाही नाही ते बोललो," म्हणाले. मी काय बोलणार. नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला त्यांना चहा माझ्याकडून.

१९ जुलै, शनिवार

दुसरी जुनी तक्रार: सर्व सभासदांना जाणारा 'सभासद@' हा पत्ता. तिथे कुणीही लिहितं आणि ते चारशे जणांना जातं. मागच्या महिन्यात कर्जाची जाहिरात गेली होती. इथे खरी पाठवणाऱ्यांची यादी लागते: ठरावीक लोकच, बाकी सगळे बाहेर.

पोस्टफिक्समध्ये यासाठी रिस्ट्रिक्शन क्लास असतो. म्हणजे काही नियमांची मोळी बांधून तिला नाव द्यायचं. माझ्या 'फक्त_समिती' क्लासमध्ये दोनच गोष्टी: समितीच्या सात पत्त्यांचं चेक_सेंडर_ॲक्सेस, आणि खाली रिजेक्ट. रेसिपियंटच्या यादीत सर्वांत वर चेक_रेसिपियंट_ॲक्सेस. त्या फाईलमध्ये 'सभासद@' पुढे ओके किंवा रिजेक्टऐवजी क्लासचं नाव.

वर का? खाली ठेवलं तर परमिट_सॅसल_ऑथेंटिकेटेड आधी येतं आणि लॉगिन असलेला कुणीही पाठवू शकतो. ९ जूनला वर ठेवल्याने हात पोळला होता, म्हणून दहा मिनिटं नुसतं त्या ओळीकडे बघत बसलो. इथे ओके मिळतं ते आमच्याच एका पत्त्यासाठी. रिलेची यादी आता स्वतंत्र आहे. पत्ता खोटा लावला तर लॉगिन_मिसमॅच सेंडरच्या यादीत पकडतो, कारण सातही पत्ते आमच्या डोमेनचे आहेत. एका सदस्याला आपला याहूचा पत्ता त्यात हवा होता. नाही म्हटलं. तो पत्ता कुणीही पाकिटावर लिहील आणि चारशे जणांना जाईल. रागावले आहेत.

फाईलच्या नावात टायपिंगची एक चूक, त्यामुळे पंधरा मिनिटं सर्व्हर येणारी प्रत्येक मेल ४५१ देऊन थांबवत होता. पाठवणारे सर्व्हर पुन्हा येतात, त्यामुळे नुकसान नाही. दुसऱ्या यंत्रावरून स्वॅक्सच्या सहा चाचण्या, सहाही हव्या तशा.

२ ऑगस्ट, शनिवार

उरलेल्या अकरा ओळी.

पाचजण ग्रेलिस्टिंगमुळे आले होते. पोस्टग्रे अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा ३०० सेकंद थांब म्हणतो. खऱ्या सर्व्हरला फरक पडत नाही, पण खजिनदारांचा ओटीपी तोवर शिळा होतो. यासाठी सेंडरची व्हाईटलिस्ट हे चुकीचं हत्यार आहे. पोस्टग्रेची स्वतःची व्हाईटलिस्ट_क्लायंट्स.लोकल फाईल असते. ती पाठवणाऱ्या यंत्राचं नाव किंवा आयपी बघते आणि माफी फक्त थांबण्यापुरती देते, बाकी तपासण्या चालूच. पाच ओळी तिकडे. शिवाय पोस्टग्रेच्या आधी परमिट_डीएनएसडब्ल्यूएल_क्लायंट लावलं, त्या सार्वजनिक पांढऱ्या यादीतले मोठे पाठवणारे थेट आत. अनबाउंड नसता तर इथेही तीच फजिती झाली असती.

एकाची मेल जुन्या कॉलेजच्या पत्त्यावरून फॉरवर्ड होऊन येते. फॉरवर्डमध्ये पाठवणारा तोच राहतो, आयपी बदलतो, आणि कडक एसपीएफवाल्यांची मेल इथे आपटते. त्या फॉरवर्ड करणाऱ्या यंत्राचा आयपी पॉलिसी डीमनच्या कॉन्फिगमध्ये 'व्हाईटलिस्ट'खाली टाकला. एक ओळ कमी.

एका पत्त्याचा मालक कोण, समितीत कुणालाच माहीत नव्हतं. काढला.

उरल्या चार. त्यांत प्रेसवाला. त्याचं मात्र दुखणं खरं आहे. त्याची मेल स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवरून येते आणि कुणा शेजाऱ्याच्या उद्योगामुळे त्यांचा सामाईक आयपी अधूनमधून ब्लॉकलिस्टवर जातो. पत्त्यावर ओके दिलं तर पत्ता कुणीही लावेल, त्याच्या डोमेनला एसपीएफच नाही. आयपीवर ओके दिलं तर तो स्पॅमवाला शेजारीही आत येईल. दोन्ही जुळले तरच सोडायचं. सेंडर_ॲक्सेसमध्ये त्याच्या पत्त्यापुढे ओकेऐवजी 'प्रेस_तपास' हा क्लास लिहिला, आणि त्या क्लासमध्ये फक्त एक चेक_क्लायंट_ॲक्सेस, सीआयडीआर फाईलमध्ये (आयपींची यादी) त्याच्या होस्टिंगचे दोन आयपी. पत्ता जुळला, आयपीही जुळला तर ओके. आयपी नाही जुळला तर क्लास गप्प राहतो आणि मेल नेहमीच्या रांगेत पुढे जाते. उरलेल्या तिघांनाही हीच पद्धत. आता सेंडर_ॲक्सेसमध्ये नुसतं ओके एकाही ओळीपुढे नाही.

जाता जाता स्पॅमअसॅसिनची लोकल.सीएफ उघडली तर मीच कधीतरी लिहिलेल्या व्हाईटलिस्ट_फ्रॉमच्या दोन ओळी. त्या उणे १०० गुण देतात, आणि मेल स्पॅम ठरायला ५ लागतात. तेही पत्ता खरा की खोटा न विचारता. आवृत्ती ४ मध्ये नाव वेलकमलिस्ट झालंय. दोन्ही ओळी वेलकमलिस्ट_ऑथ केल्या, म्हणजे एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) पास असेल तरच गुण. लिंट (कॉन्फिगमधल्या चुका शोधणारी तपासणी) चालवून बघितलं, स्वच्छ.

२३ ऑगस्ट, शनिवार

तीन आठवडे शांत. वॉर्न_इफ_रिजेक्ट लावून ठेवलेला शेवटचा नियम आज खरा केला.

खर्च: चाचणीचं यंत्र तीन वेळा, १२० रुपये. प्रेसवाल्याला प्रूफ समजावायला दोनदा म्हापशाला, बस आणि चहा मिळून सुमारे ३०० रुपये. वेळ वहीत मांडला तर ३४ तास, त्यातले निदान वीस ७ जूनला अर्धविरामापुढचा भाग न वाचल्याचे.

राहिलेलं: कम्पॅटिबिलिटी_लेव्हल. ती बदलण्याआधी पोस्टकॉन्फ -एनचं आउटपुट जपून ठेवायचं आणि लॉगमधली 'जुन्या सेटिंग्ज'ची एकेक ओळ निकालात काढायची. प्रेसवाल्याला त्याच्या डोमेनवर एसपीएफ लावून द्यायचंय, तोही हो म्हणालाय, पण स्मरणिका छापून झाल्यावर.

अध्यक्षांचा आत्ताच मेसेज आला, भाच्याच्या कंपनीची मेल येत नाही, व्हाईटलिस्टमध्ये घाल. लॉगची पूर्ण ओळ काढून ठेवलीय. बुधवारी चवथ (गणेश चतुर्थी) आहे, माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं) सामान अजून आणायचंय. ओळ शुक्रवारी वाचेन.